तापलेल्या जमिनीचा महिना

अरबीत ‘रमज’ म्हणजे तापलेल्या जमिनीचा दाह. ‘रमजान’ त्यावरूनच आला. वाळवंटातला हा शब्द परभणी तालुक्यातल्या झरीला परका नाही. मार्च ते मे 2025 या काळात देशाच्या बहुतांश भागात पारा सरासरीहून वर राहील, असा हवामान विभागाचा अंदाज होता. त्या वर्षी ज्वारीची काढणी अन् रोजे एकाच वेळी आले होते. रोजेदार मजुराचे काम पहाटे उरकू दिले, दुपारी सावली दिली, तर तोही सवाबच, पुण्यच. वजूबाबत जुनी ताकीद आहे: वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका. गावाचे नावच झरी. पण विहीर मंदिर-मशीद पाहत नाही. आटली तर सगळ्यांचीच आटते.