राज्यगीतात अर्धाच बुलडाणा

गाण्यांतले नकाशे तपासायची मला जुनी खोड आहे. कोणी मुलखाचं नाव घेऊन सूर लावला, की माझं लक्ष आधी नद्या कुठल्या घेतल्यात तिकडे जातं. अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांनी ही खोड आणखी वाढवली. जॉन डेन्व्हरचं १९७१ सालचं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' घ्या. गाणं वेस्ट व्हर्जिनियाचं, पण त्यातली शेनान्डोआ नदी आणि ब्लू रिजचा डोंगर त्या राज्याला जेमतेम कोपऱ्यात शिवतात. तरी २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते आपल्या अधिकृत राज्यगीतांत घेतलं. तिथल्या कोणाचं काही अडलं नाही.

आपलंही तसंच आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं. दोन कडव्यांचं, १.४१ मिनिटांचं. संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज वाईजवळच्या पसरणीच्या शाहीर साबळ्यांचा, आणि शब्द नागपूरच्या राजा बढे यांचे. ज्या बढ्यांनी 'कळीदार कपुरी पान' ही लावणी लिहिली, तेच हे बढे. विड्याच्या लावणीचा कवी राज्यगीताचाही कवी, ही गोष्ट मला फार आवडते.

आता त्यातल्या नद्या पाहा. रेवा म्हणजे नर्मदा; ती नंदुरबारच्या टोकाला महाराष्ट्राची हद्द धरून थोडी वाहते, एवढंच. भद्रा तर कर्नाटकातली. तापी मात्र गाण्यात नाही! विदर्भाच्या वाट्याला एकच नाव आलं, वरदा. म्हणजे आपली वर्धा.

देऊळघाटच्या माणसाने हे गाणं कसं ऐकावं? बुलडाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन तुकड्यांत बोलला जातो. देऊळघाट घाटावरचं. इथलं पाणी पैनगंगेला जातं, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत. म्हणजे गाण्यात आम्ही दोनदा आहोत, दुसऱ्यांच्या नावाने का होईना. राजूर घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे गेलं, की नळगंगेचं पाणी पूर्णेला आणि पूर्णेचं तापीला. तापीच नाही, तर त्यांचं कोण असणार? एकाच जिल्ह्यातली निम्मी माणसं राज्यगीताच्या खोऱ्याबाहेर राहतात.

हा दोष बढ्यांवर टाकायचा नाही. यमक आणि चाल सांभाळून कवी किती नद्या मोजणार? पण एक खटकतं. यमुनेचं पाणी पाजायला त्यांनी घोडी काढली ती भीमथडीची, म्हणजे पुण्याच्या अंगाची. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालपर्यंत धडकल्या होत्या, नि कवी तर नागपूरचाच! १९५३ चा नागपूर करार, १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाच्या बाजूने दिलेला कौल, १९५६ चं द्वैभाषिक, मग १ मे १९६०. हे सगळं नागपूरनं अंगावर घेतलेलं. राजधानीचं शहर उपराजधानी झालं. मला वाटतं, जाणाऱ्या माणसाने घरचं नाव पुसट करून नव्या घराची नावं मोठ्याने घ्यावीत, तसं या गाण्यात झालंय. वेगळ्या विदर्भाची मागणी आजवर अनेकांनी केली, जांबुवंतराव धोट्यांनी तर जीव तोडून केली. पण त्या मागणीला संयुक्त महाराष्ट्राच्या तोडीचं गाणं लाभलं नाही. अण्णाभाऊंची 'माझी मैना' किंवा अमर शेखांचा डफ तिकडे होता, इकडे भाषणं होती.

वऱ्हाडाची ओळख गाण्यात आली ती दुसऱ्या वाटेनं, राज्याच्या हद्दीऐवजी मातीतून. अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं 'काळ्या मातीत मातीत' १९८१ च्या 'अरे संसार संसार'मध्ये आलं. तिफण चालते, चाड्यावर मूठ धरून बाई मागून चालते, हे ज्यानं पाहिलंय त्याला राज्य वेगळं हवं की नको हे विचारायची गरज पडत नाही. त्याला भाव विचारा. आता घाटावर शिवारभर सोयाबीन आहे, पेरणी ट्रॅक्टरने होते, आणि लग्नाच्या मंडपात तेच गाणं डीजेवर वाजतं.

घाटाखाली आणखी एक विषय पडून आहे, खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, नांदुऱ्याकडे विहिरीला पाणी असून ते तोंडात धरवत नाही, पिकाला चालत नाही. निवडणुकीतल्या भाषणांत हा पट्टा दर वेळी येतो, राज्यगीतात तो यायचा प्रश्नच नाही. शाहिरीला मात्र तो सरळ सरळ मिळालेला विषय आहे. पूर्णेकाठच्या कोणी अजून त्याला डफावर घेतलं नसेल, तर आता घ्यावं. चाल खळ्यांचीच हवी असं काही नाही.