शेतातील धावपट्टी कशी ओळखावी

विमानतळ म्हटला की डांबरी धावपट्टी, नियंत्रण-मनोरा आणि दिव्यांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडच्या ग्रामीण भागात मात्र यांपैकी काहीही नसलेल्या खाजगी धावपट्ट्या पुष्कळ आहेत. शेतकरी कुंपणालगतचा एक पट्टा मोकळा राखतो, त्यावरील गवत वरचेवर कापतो आणि तेथून आपले छोटे विमान उडवितो. अशा कित्येक पट्ट्या वैमानिकांच्या नेहमीच्या नकाशांत दाखविलेल्या नसतात. आणि नवख्या वैमानिकाला त्या आकाशातून हुडकून काढाव्या लागतात.

हे काम वाटते तितके सोपे नाही. कुरण हिरवे, कोवळे पीक हिरवे आणि धावपट्टीही हिरवीच. ट्रॅक्टरच्या चाकांनी पिकात उमटलेल्या समांतर रेघा वरून फसव्या दिसतात. रंगावर विसंबावे, तर मे महिन्यात मोहरीच्या जातीच्या पिकाने पिवळे झालेले शेजारचे शेत कापणीनंतर ओळखूही येत नाही. म्हणून खूण धरावयाची ती न बदलणारी: चर्चचा मनोरा, लोहमार्गाचे वळण, तळे किंवा वनराई. अशा दोन खुणांवरून जागा निश्चित करावी आणि मगच पट्टी शोधावी.

पट्टीची स्वतःची लक्षणेही आहेत. कापलेले गवत भोवतालच्या गवताहून वेगळ्या छटेचे दिसते. त्याच्या कडा सरळ असतात. जवळपास वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी फडफडत असते. एखादी शेड किंवा उभे असलेले विमानही दिसते. यांपैकी एकच लक्षण पुरेसे नव्हे, कारण शेड हा गुरांचा गोठाही असू शकतो. लक्षणे परस्परांशी जुळली पाहिजेत, आणि पट्टीची दिशा होकायंत्राशी जुळली पाहिजे.

येथे चूक झाली तर ती महागात पडते. उंच पिकात चाके अडकून विमान उलटू शकते. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. म्हणून खांब शोधावे लागतात. पट्टी योग्य असली, तरी गवत चाकांचा ब्रेक नीट लागू देत नाही. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या मार्गदर्शनानुसार, कोरड्या पक्क्या धावपट्टीच्या मानाने उतरण्यास कोरड्या गवतावर १५ टक्के, तर ओल्या गवतावर ३५ टक्के अधिक अंतर धरावे लागते.

यास्तव निघण्यापूर्वीच मालकाची संमती घेण्याची पद्धत आहे. ती केवळ शिष्टाचार नव्हे. चढ कोणत्या बाजूस आहे, जमीन किती ओली आहे, पट्टीवर मेंढ्या चरत आहेत काय, हे त्यालाच ठाऊक असते. एवढे करूनही शंका उरली, तर परिचित विमानतळावर परतण्यापुरते इंधन टाकीत असावे आणि वैमानिकाने संकोच न करता परत फिरावे.