मायक्रोस्कोपला जात नसते, शिकवणाऱ्याला असते

पॅथॉलॉजीचा डॉक्टर रुग्णाला सहसा दिसत नाही, म्हणून आपल्या समाजात त्याची चर्चाही होत नाही. मुलगी एम.बी.बी.एस. झाली की तिने मोठा दवाखाना टाकावा, एवढीच घरच्यांची इच्छा. पण स्तनातली गाठ कॅन्सरची की साधी, हे ठरते पॅथॉलॉजी विभागात. विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांत सिकलसेल ठाण मांडून आहे. त्याचे निदानही रक्ताच्या तपासणीतूनच होते. अशा विभागात आपली मुले तज्ज्ञ म्हणून बसणार की नाही, हा समाजाच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

एम.डी. पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी 3 वर्षांची. ऑपरेशन थिएटरमधून आलेला अवयव मोजायचा, कापायचा, त्यातला नेमका कोणता तुकडा तपासायचा ते ठरवायचे. याला ग्रॉसिंग म्हणतात. तो तुकडा मेणात बसवून काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात, रंगवतात आणि स्लाइड तयार होते. ती वाचणे नुसत्या पुस्तकातून येत नाही. डबल हेडेड मायक्रोस्कोपवर सर आणि रेसिडेंट एकच स्लाइड पाहतात. ‘हा न्यूक्लियस बघ, इथे फसशील’ असे सांगणारा गुरू लागतो. हजारो स्लाइड पाहिल्यावर डोळा तयार होतो.

आईच्या पोटातून कोणी शिकून येत नाही. मग त्या खुर्चीवर कोणाला बोलावले जाते? अवघड केस कोणाच्या वाट्याला, आणि नमुन्यांच्या नोंदी कोणाच्या? ‘कोट्यातला’ म्हणून एखाद्याला वर्षभर रजिस्टर लिहायला बसवायचे आणि परीक्षेत ‘याला स्लाइड ओळखता येत नाही’ म्हणून नाक मुरडायचे, हा कुठला न्याय? दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने 2007 साली अहवाल दिला. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत पक्षपात होतो, आडून जात विचारली जाते, अशा अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी त्यात नोंदल्या आहेत.

गुणवत्तेच्या ठेकेदारांना आमचा एक सवाल आहे. 2023 साली नीट पी.जी.ची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. खासगी कॉलेजची लाखोंची फी भरू शकणाऱ्यांना दार सताड उघडे झाले. 2006 साली आरक्षणाविरुद्ध रस्त्यावर झाडू मारून निषेध करणाऱ्यांची गुणवत्ता तेव्हा कुठे झोपली होती? आरक्षित जागेने बुडणारे वैद्यकशास्त्र पैशाच्या जागेने कसे तरते?

आमची मागणी साधी आहे. कोणत्या रेसिडेंटला कोणती केस दिली, याचे वाटप विभागाच्या फलकावर लावा. स्लाइडच्या परीक्षेत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या. तोंडी परीक्षेचे चित्रीकरण करा. ज्यांच्या मनात पाप नाही, त्यांना यात अडचण कसली?

आणि आपल्या मुला-मुलींना सांगणे असे, की हा विषय दुय्यम समजू नका. लॉगबुक रोज तारखेनिशी भरा. तक्रार असेल तर लेखी द्या, पोच घ्या. एकटे राहू नका. ज्या रिपोर्टवर आपल्या माणसांचे आयुष्य ठरते, त्या रिपोर्टखाली सही आपलीही असली पाहिजे.