आगबोटीतून अमेरिकेस

विल्यम होप हे इंग्लंडातील एक पाथरवट होते. हात कसबी होता. पण घरबांधणीत दगडाची जागा विटांनी घेतली आणि त्यांचे काम मंदावले. घरात पत्नी एव्हिसबाई व सहा मुलगे. अमेरिकेत ओहायओ संस्थानातील क्लीव्हलंड शहरी विल्यम यांचे भाऊ होते. म्हणून ते एकटेच पुढे गेले. सहा मुलांना घेऊन अटलांटिक महासागर ओलांडणे मात्र एव्हिसबाईंच्या वाट्याला आले.

शिडाच्या जहाजांच्या काळी या प्रवासास पाच-सहा आठवडे लागत. वारा पडला तर त्याहूनही अधिक. इ. स. १८५० नंतर लिव्हरपूलच्या विल्यम इनमन यांनी गरीब उतारूंनाही आगबोटीतून नेण्यास प्रारंभ केला. पुढे तर हा प्रवास आठ-दहा दिवसांवर आला. एव्हिसबाई व मुले ज्या ‘फिलाडेल्फिया’ आगबोटीने गेली, तीही मुळात इनमन यांच्याच कंपनीसाठी बांधलेली होती. तिला दोन पंखे होते. पूर्वीच्या आगबोटींना एकच पंखा असे. तो मोडला तर भर समुद्रात गती कशी मिळणार? म्हणून त्यांवर शिडेही ठेवीत. दोन पंखे आले आणि शिडांची गरज सरली.

समुद्र सरला तरी काळजी सरत नसे. न्यूयॉर्क बंदरात वरच्या वर्गांतील उतारूंची तपासणी बोटीवरच होई. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना एलिस बेटावर नेत. तेथे जिना चढणाऱ्या प्रत्येकावर डॉक्टरांची नजर असे. कोणी लंगडताना वा धापा टाकताना दिसला, की त्याच्या कपड्यावर खडूने खूण करीत. पापणी उलटून खुपऱ्या तर नाहीत ना, हे पाहत. नवरा कोठे आहे, जवळ पैसे किती, असे प्रश्न विचारीत. नापसंत ठरलेल्याला कंपनीने स्वखर्चाने परत न्यावे, असा कायदा होता. सहांपैकी एका मुलाचे डोळे बिघडलेले निघाले असते, तर त्या माउलीने काय करावे?

३० मार्च १९०८ रोजी हे कुटुंब त्या तपासणीतून सुखरूप पार पडले. परंतु क्लीव्हलंडलाही विल्यम यांना कायमचे काम मिळेना. तेव्हा एव्हिसबाईंनी घरात भाडेकरू ठेवून संसार चालविला. त्यांचा पाचवा मुलगा लेस्ली त्या वेळी चार वर्षांचा होता. बॉब होप या नावाने तो पुढे विनोदी नट म्हणून प्रसिद्धीस आला.