घरची यंत्रे आणि त्यांचा दुभाष्या

बांद्याच्या बाजारात घेतलेला विजेचा दिवा इन्सुलीच्या घरातील होल्डरात बसेल की नाही, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो बसतोच. या निश्चिंतीमागे एक करार आहे. होल्डरचे माप काय असावे, हे आधी ठरले, लिहिले गेले आणि सर्व कारखानदारांनी पाळले.

आता नव्या जातीचा दिवा आला आहे. तो मोबाइलवरून लावावा, विझवावा, मंद करावा. चाकरमानी मुंबईत बसून गावच्या बंद घराचा कॅमेरा पाहतो, विहिरीवरचा पंप चालू करतो. ही सोय मोठी आहे, आणि म्हातारी माणसे एकटी राहतात तेथे तिला चैन म्हणता येणार नाही. परंतु हा दिवा होल्डरात बसला म्हणजे काम झाले असे नव्हे. माप जुळले, आता भाषा जुळली पाहिजे.

ही उपकरणे बहुधा बिनतारी लहरींनी बोलतात. कोणी वाय-फायने, कोणी झिगबीने, कोणी झेड-वेव्हने. झेड-वेव्हची तर देशागणिक लहरही निराळी. अमेरिकेत ती ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास, आपल्याकडे ८६५ च्या आसपास. म्हणून अमेरिकेहून लेकाने प्रेमाने आणलेले बटण येथे मुके राहते. शिवाय ते तिकडच्या १२० व्होल्टांसाठी केलेले, आणि आपली वीज २३० व्होल्टांची.

लहर जुळली तरी शब्द जुळावे लागतात. येथे 'ड्रायव्हर' लागतो. हा महामार्गावर ट्रक हाकणारा ड्रायव्हर नव्हे, हा दुभाष्या. 'दिवा लाव' हा आपला हुकूम त्या विशिष्ट दिव्याला कळेल अशा संकेतांत उतरवून देणारा कार्यक्रम, एवढाच त्याचा अर्थ. १९७५ साली स्कॉटलंडमध्ये निघालेल्या एक्स-१० या पद्धतीत संकेत घरच्याच विजेच्या तारेतून जात आणि जास्तीत जास्त २५६ पत्ते देता येत. भाषा तुटपुंजी, म्हणून दुभाष्याचे कामही थोडे. आज उपकरणे शेकडो, आणि जो तो आपलीच बोली बोलतो.

खरा प्रश्न पुढेच आहे : हा दुभाष्या कोणाच्या पदरी चाकरीला आहे? पुष्कळ स्वस्त उपकरणांत आपला हुकूम आधी कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो आणि तेथून आपल्याच माजघरात परत येतो. पावसाळ्यात इंटरनेट गेले की दिवा डोक्यावर असून बहिरा. आणि कंपनीनेच दुभाष्याला काढून टाकले तर? गूगलच्या नेस्ट कंपनीने २०१४ साली रिव्हॉल्व्ह विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. सुमारे ३०० डॉलरची पेटी निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे संगणक पूर्वसूचनेवाचून बंद पडले. मात्र त्याच वर्षी जूनमध्ये काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी घेतली आणि सेवा पुन्हा उभी केली. संघटनेचे बळ आम्हांस ठाऊक आहे. तरी प्रत्येक दिव्यासाठी कंपनी विकत घेणे कोणाला परवडणार?

आम्ही कामगारांच्या वाटाघाटींत आयुष्य घालविले. तोंडी आश्वासन मालकाची मर्जी असेतोवर टिकते. लेखी करारावर बोट ठेवता येते. येथेही तेच लागू आहे. अनेक कंपन्यांनी मिळून ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' नावाची समाईक भाषा जाहीर केली. तिच्यात हुकूम घरातल्या घरात पोचू शकतो. पहिल्या आवृत्तीत दिवे, बटणे, कुलुपे होती; कॅमेरे नव्हते. म्हणजे करार झाला, पण सगळी कलमे एकाच दिवशी झाली नाहीत. दुसरा मार्ग 'होम असिस्टंट'चा. २०१३ साली सुरू झालेल्या या खुल्या प्रणालीसाठी जगभरच्या स्वयंसेवकांनी हजाराहून अधिक दुभाषे लिहिले आहेत. मात्र एखाद्या कंपनीने आपले दार बदलले की त्यांचेही श्रम अडतात.

म्हणून खरेदीपूर्वी दुकानदाराला चार प्रश्न विचारावे. इंटरनेट बंद असता हे घरात चालेल काय? खोक्यावर मॅटरचे चिन्ह आहे काय, नसल्यास ते कोणत्या खुल्या भाषेत बोलते? दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, आणि ते कोठे लिहून दिले आहे? भिंतीवरच्या बटणाने हे हाताने लावता येईल काय?

पाचवा प्रश्न गावच्या वायरमनला विचारावा : उद्या हे बंद पडले तर भिंत न फोडता जुने बटण परत बसविता येईल ना? तो 'होय' म्हणाला तरच पैसे मोजावे. पाऊस लागला असता रात्री हाक मारल्यावर येणारा माणूस तोच आहे.