जुनं पेन कपाटात कशाला?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली येतो. त्यात बंद घड्याळ, कसल्या कोण जाणे किल्ल्या, सासऱ्यांचं शाईचं पेन आणि कुणीतरी परदेशातून आणलेला कॅल्क्युलेटर निघतो. घड्याळ दुरुस्तीला जातं. पेन नि कॅल्क्युलेटर मात्र "आता कोण वापरतंय!" म्हणून भंगारवाल्याच्या पोत्यात पडतात. मैत्रिणींनो, यंदा एवढं करू नका. पेन कुणाचं, कधी घेतलं, हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच विचारून घ्या आणि ते चिठ्ठीवर लिहून पेनासोबत ठेवा. निनावी पेनाला बाजारभाव असेल कदाचित, पण घरात त्याची किंमत राहत नाही.

छंद म्हटला की आपल्याला आधी खर्च दिसतो. हा छंद मात्र स्वतःच्या घरातून, फार तर माहेरच्या कपाटातून सुरू करता येतो. शिवाय तिकिटं, नाणी जमवली की वहीत चिकटवून मिटून ठेवायची; पेन रोज हातात घेता येतं. काचेच्या कपाटात मांडून ठेवलेली वीस पेनं मला कधीच मोहात पाडत नाहीत. लिहितं एक असलं तरी पुरे.

डब्यातलं पेन काळं असून आता शेवाळी-तपकिरी दिसत असेल, तर ते बहुधा एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं आहे. उजेडाने त्याचा रंग असा उतरतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीची रत्नम पेनं अशीच एबोनाइटची. स्वदेशीच्या चळवळीत, १९३२ साली, तो उद्योग सुरू झाला आणि त्यांचं पेन गांधीजींनी वापरलं. शाईची गोष्ट तर आपल्या घरचीच. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत 'हॉर्स ब्रँड'च्या शाईच्या पुड्या नि गोळ्या करायला घेतल्या आणि पुढे त्यातूनच 'कॅमल' शाई, कॅम्लिन हे नाव घरोघरी गेलं. निब जवळजवळ सगळी आत दडलेली नि टोक तेवढं बाहेर, असं पेन निघालं, तर ते पार्कर ५१ असू शकेल. ते १९४१ साली बाजारात आलं. पण त्याच्यासारखी दिसणारी पेनं पुष्कळ निघाली, तेव्हा कुणी मोठी किंमत सांगितली तर लगेच पर्स उघडू नका.

आता साफसफाई. गरम पाणी अजिबात नको. एबोनाइटचा रंग त्याने आणखीच जातो. स्पिरिटही नको, काही प्लॅस्टिकं त्याने खराब होतात. वाटीत साधं पाणी घेऊन निबेकडचा भाग रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पाणी निळं झालेलं दिसेल. ते बदला, पुन्हा ठेवा. वाळलेली शाई दोन-तीन दिवससुद्धा सुटत राहते, घाई करण्यात अर्थ नाही. निब आणि तिच्याखालची जीभ निघत नसेल तर पकडीने ओढू नका. पेनाच्या अंगाला धातूची बारीक पट्टी असेल तर आत रबरी पिशवी असते. ती जुनी होऊन कडक झालेली असते, म्हणून पट्टीवर जोर देऊ नका. तिथे जाणकार कारागीरच हवा.

शाई फाउंटन पेनचीच घाला. चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई आत वाळून बसते आणि मग पेन संपलंच म्हणायचं. धुतली जाणारी निळी शाई मुलांच्या गणवेशाच्या दृष्टीने सोयीची, पण आजेसासूबाईंच्या लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवायचं असेल तर ती उपयोगाची नाही. उन्हाने फिकी होते, पाण्याने पसरते. त्यासाठी टिकाऊ निळी-काळी शाई घ्या. मात्र ती पेनात महिनोन्‌महिने भरून ठेवू नका.

ड्रॉपरने शाई भरायचं पेन निम्म्यापेक्षा रिकामं झालं की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो. आपण उगीच निबेला दोष देतो. वेळेवर शाई भरली की झालं. "पेन दुसऱ्याच्या हाती दिलं की बिघडतं" असं आपण ऐकत आलो. मला त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते, पण बॉलपेनची सवय असलेला हात निबेवर फार दाबतो, हे खरं. तेव्हा नाही म्हणायला संकोच नको.

कॅल्क्युलेटरचं निराळं. लाल आकडे चमकत असतील तर तो बहुधा सत्तरच्या दशकातला. ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा १९७२ साली ३९५ डॉलरला मिळत होता, यावरून तेव्हा ही केवढी चैन होती ते कळेल. आधी सेलचं झाकण उघडून बघा. पांढरी पूड साठली असेल तर रबरी हातमोजे घालून, काडीला कापूस गुंडाळून, किंचित व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. बटणासारखे बारीक सेल निघाले तर लहान मुलांपासून फार दूर ठेवा. मुलाने गिळल्याचा संशय जरी आला तरी घरी उपाय न करता तडक दवाखाना गाठा.

चालू झाला की मुलांना एक गंमत दाखवा. २ + ३ × ४ असं ओळीने दाबा. साधा कॅल्क्युलेटर २० सांगेल, बहुतेक सायंटिफिक १४ सांगतील. गुणाकार आधी का, हे मग फळ्यावर वेगळं शिकवावं लागत नाही. भिशीचा हिशेब करताना मात्र हे लक्षात ठेवा.

काम झालं की कॅल्क्युलेटरमधले सेल काढून ठेवायचे, आणि पेन प्रवासाला नेताना निब वर करून ठेवायचं, नाहीतर पर्सच्या अस्तराला डाग ठरलेला.