डोळा कुठे टेकवायचा?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ४५१.४ गुण मिळवून ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते आणि नेम धरायला रायफलवर दुर्बीण लावता येत नाही. डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती, म्हणजे पीप साइट, आणि नळीच्या टोकाशी एक कडी, एवढ्यावरच सारा खेळ. तरीही छिद्रापासून डोळ्याचे अंतर नेमबाज जिवापाड जपतात. गुडघ्यावर बसल्यावर, पालथे पडल्यावर आणि उभे राहिल्यावर मान सारखी पुढे येत नाही. त्यामुळे स्थिती बदलली की पीप साइटही पट्टीवर पुढे-मागे सरकवावी लागते.

नुसत्या छिद्राचे एवढे लाड, तर भिंगांच्या स्कोपचे किती असतील! त्यामागे प्रकाशाचे साधे गणित आहे. पुढच्या भिंगातून आत शिरलेला प्रकाश मागच्या भिंगातून बाहेर पडतो आणि काही अंतरावर, हवेतच, एका लहानशा वर्तुळातून जातो. दृश्याच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेले किरण असोत, ते या एकाच वर्तुळातून जातात. डोळ्याची बाहुली नेमकी तिथे असली की दृश्य काठोकाठ दिसते. मागच्या भिंगापासून या जागेपर्यंतचे अंतर म्हणजे ‘आय रिलीफ’. गॅलिलिओच्या दुर्बिणीत मागचे भिंग अंतर्गोल होते, त्यामुळे हे वर्तुळ नळीच्या आतच पडे आणि डोळा काचेला भिडवावा लागे. केप्लरने १६११ मध्ये दोन्ही भिंगे बहिर्गोल असलेली रचना मांडली आणि वर्तुळ नळीबाहेर आले. आजचे स्कोप त्याच घराण्यातले.

वर्तुळाचा आकार काढणे सोपे आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागायचे. ४० मिलिमीटरचे भिंग ४ पटींवर १० मिलिमीटरचे वर्तुळ देते, तर १२ पटींवर ते ३.३ मिलिमीटरवर येते. भर उन्हात बाहुली २ ते ४ मिलिमीटरचीच असते. म्हणजे ४ पटींवर डोळा थोडा हलला तरी खपून जाते, १२ पटींवर दोन-तीन मिलिमीटरही महागात पडतात. डोळा बाजूला गेला की कडेला काळी चंद्रकोर उगवते. फार जवळ किंवा फार लांब गेला की सभोवती काळे कडे दिसते.

बायनॉक्युलरमध्ये आय रिलीफचे अंतर साधारण १० ते २० मिलिमीटर असते. रायफलच्या स्कोपमध्ये ते मुद्दाम ७५ ते १०० मिलिमीटर ठेवतात. कारण न्यूटनचा तिसरा नियम. गोळी पुढे सुटते तशी रायफल मागे येते आणि डोळा फार जवळ असेल तर स्कोपची कड भुवईवर आदळते. दणकट रायफलवर भुवई फुटून टाके पडायलाही वेळ लागत नाही.

म्हणून स्कोप बसवताना आधी शरीर, मग भिंग. रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करायची. स्कोप रिंगांमध्ये ठेवून स्क्रू इतकेच आवळायचे की तो सरकू शकेल. वर्धन सर्वात जास्त ठेवायचे, कारण तिथेच सवलत सर्वात कमी. मग नेहमीचे जाकीट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि गाल बटवर सहज टेकू द्यायचा. डोळे उघडल्यावर काळे कडे दिसले तर मान ताणायची नाही, स्कोप सरकवायचा. दृश्य पूर्ण दिसेपर्यंत हेच. ज्या स्थितीतून नेम धरणार त्या प्रत्येक स्थितीत पुन्हा तपासायचे. पालथे पडल्यावर डोके पुढे जाते, तिथे भुवई सुरक्षित आहे ना हे आवर्जून पाहायचे. शेवटी टांगलेल्या ओळंब्याशी क्रॉसहेअरची, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या फुलीची, उभी रेघ जुळवून स्क्रू आळीपाळीने, कंपनीने सांगितलेल्या जोरानेच आवळायचे.

मान ताणून चित्र पूर्ण करता येते, पण ते टिकत नाही. स्नायू थकले की डोके सरकते. डोळा मध्यापासून ढळला की काही अंतरांवर क्रॉसहेअर लक्ष्यावरून हलल्यासारखी दिसते. हाच पॅरॅलॅक्स. नेम चुकला की बोल हाताला लागतो, खोट मात्र मानेत असते.

बंदुकीशी संबंध नसलेल्यांनाही हे उपयोगी आहे. भिगवणला फ्लेमिंगो पाहायला बायनॉक्युलर घेणार असाल आणि चष्मा लागत असेल, तर नुसते ‘किती पट’ विचारू नका. आय रिलीफ १५ मिलिमीटरच्या वर आहे ना, तेही विचारा. चष्म्याची काच डोळा मागे ठेवते, त्यामुळे अंतर कमी पडले तर दृश्याच्या कडा कापल्या जातात. दुकानातच चष्म्यासकट लावून पाहा, पूर्ण गोल दिसला तरच पैसे मोजा.